हॅम्बर्गला हरवलेला नट

नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो, पण हॅम्बर्गचं हे एक अजून मनातून जात नाही. साठच्या दशकात मुंबई पोलिसांतून मला काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिथे पाठवलं होतं. बंदराजवळच्या ठाण्यात मी बसत असे आणि कामापुरतं जर्मन बोलत असे.

एका सकाळी कोमिसारने, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने, मला बोलावून घेतलं. समोर आपल्याकडचा एक माणूस थंडीतही घाम पुसत बसला होता. हिंदी चित्रपटाच्या युनिटचा तो व्यवस्थापक. बंदरावर त्यांचं चित्रीकरण चाललं होतं आणि एक नट आदल्या सकाळपासून बेपत्ता होता.

नाव सांगत नाही. नायकाचे वडील, वकील, न्यायाधीश अशा भूमिका करणारा, पन्नाशीचा, भारदस्त आवाजाचा नट. नाव आठवलं नाही तरी चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा. व्यवस्थापक म्हणाला, महिनाभर ते कोणाशी धड बोलत नव्हते. कोमिसारने माझ्याकडे पाहिलं आणि बंदर पोलिसांना फोन लावला. दुपारी धक्क्यालगतच्या पाण्यात पाणबुडे उतरले. मी पावसात उभा होतो. दोरीला हिसका बसला की मी पुढे सरकायचो. दोनदा बसला. एकदा टायर निघाला, एकदा तुटकी फळी.

युनिट ज्या पेन्सिऑनमध्ये, म्हणजे छोट्या घरगुती हॉटेलात, उतरलं होतं, तिथल्या मालकीणबाईंचा ठाण्यावर फोन आला तो त्यानंतर. बेपत्ता झाला त्या सकाळी नट एकटा गेला नव्हता. युनिटचा रंगभूषाकार त्याचा हात धरून त्याला घेऊन गेला आणि तासाभराने एकटाच परत आला, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. आणि या रंगभूषाकाराने जबाबात लिहून दिलं होतं की त्याच्या आदल्या रात्रीच्या जेवणानंतर आपण त्यांना पाहिलंच नाही.

हा साठीकडे झुकलेला, कोल्हापूरकडचा माणूस. वीस वर्षं त्याच नटाच्या चेहऱ्याला रंग लावत आलेला. कोमिसारला वाटलं, आल्झो, झालं तर मग, गुन्हेगार सापडला. मला तसं वाटेना. खोटं बोलणारा माणूस बहुधा स्वतःच्या काळजीत असतो. हा सारखा घड्याळाकडे बघत होता.

मी नटाची खोली पुन्हा पाहिली. टेबलावर संवादांचे कागद होते. एका पानावर जेमतेम चार ओळी, अक्षर बोटाएवढं मोठं. असे शंभरेक कागद. ते मी रंगभूषाकारापुढे ठेवले आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

त्याने कागद उलटे करून ठेवले. मग मी म्हणालो, "पाण्यात पाणबुडे उतरलेत. जे असेल ते सांगा. माझ्यापाशीच राहील."

"शब्द देता साहेब?"

"दिला."

तेव्हा त्याचा बांध फुटला. सेटवरच्या दिव्यांनी म्हणा किंवा कशाने म्हणा, नटाची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. समोरच्याचा चेहरा आता धुक्यातून दिसावा तसा दिसायचा. हे बाहेर फुटलं असतं तर पुन्हा कोणी बोलावलं नसतं. हॅनोव्हरला पुण्याचा एक मुलगा संशोधन करत होता, त्याने तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. रंगभूषाकाराने नटाला गाडीत बसवून दिलं होतं. संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं, ते आले नव्हते, आणि फोन कुठे करायचा हे या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

हॅनोव्हरच्या इस्पितळांना फोन लावले. तिसऱ्या ठिकाणी सापडले. आणखी तपासण्यांसाठी त्यांना ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी त्यांना घेऊन आला. नजरेवर उपाय नव्हता. 'स्वेच्छेने प्रवासास गेले, सुखरूप परत' असं लिहून कोमिसारने फाइल बंद केली. मीही गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी चित्रीकरण पाहायला गेलो, तेव्हा कळलं की शॉटमध्ये त्यांना धक्क्याच्या अगदी काठाने चालत यायचं होतं. कठडा नव्हता. दगड ओले होते, खाली काळं पाणी. ते ताठ उभे होते, चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. त्यांच्याशी बोलायला जावं तर भोवती माणसं. दिग्दर्शकाने हात वर केला, तसा मी पुढे झालो, त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

शॉट बदलला. नट खुर्चीत बसून संवाद बोलले. दिग्दर्शक त्यांच्याशी फार सौजन्याने वागला. मुंबईला परतल्यावर सहा महिन्यांत त्यांची कामं बंद झाली.

बऱ्याच वर्षांनी दादरला रंगभूषाकार भेटला. नट वारले होते. मी म्हणालो, "त्या दिवशी माझा नाइलाज होता. ते पडले असते."

तो शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी पहाटे आम्ही दोघांनी तो धक्का पावलांनी मोजला होता, साहेब. एकवीस पावलं. मी कॅमेऱ्यामागे होतो. मी खोकलो की ते थांबणार होते. वीस वर्षांत त्यांचं एक पाऊल चुकलं नव्हतं." मग नमस्कार करून तो निघून गेला.

चौकशीत शब्द देणं आम्हाला अंगवळणी पडलेलं असतं. समोरच्याने तोंड उघडावं म्हणून आम्ही तो देतो आणि काम झालं की विसरतो. त्या भेटीनंतर, पाळता येईल याची खात्री असल्याशिवाय, मी कोणाला शब्द दिला नाही. काही गुन्हे त्यामुळे उलगडायचे राहिले. नट पडले असते की नसते, हे मला अजूनही ठरवता येत नाही. पण दिग्दर्शकाकडे जाण्याआधी मी चार पावलं चालून त्या दोघांना विचारायला हवं होतं.