कोपरापर्यंत हात

"वरून सगळंच कोरडं असतं," असं कोपरकाका म्हणायचे आणि बाही वर सारायचे.

लाकडाच्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली. लाकूडगिरण्यांचा भुसा, साली, ढलप्या, सुतारांनी टाकलेले तुकडे, लोक ज्याला पायानं लोटतात ते सगळं तिथं ट्रक भरभरून येई. भट्टीत जळे, त्याची वाफ होई आणि त्या वाफेवर लांबच्या घरांतले दिवे लागत. माल ओला असला की भट्टी नुसती धुमसे. शिवाय ओला माल ढिगात पडून राहिला तर आतल्या आत तापतो. म्हणून ट्रक आत घ्यायचा की परत लावायचा, हे काका ठरवत. ट्रकचा मागचा फाळका पाडून ते भुशात कोपरापर्यंत हात घालत, मूठ आवळत, बाहेर काढून हुंगत. मूठ उघडल्यावर भुसा विखुरला तर ट्रक आत. गोळा राहिला तर मागे. ओल मोजायचं यंत्र ऑफिसात होतं. त्यावर साहेब चहाचा कप ठेवत.

"काका, हात आहे की थर्मामीटर?" लोडर चालवणारा त्यांचा दोस्त विचारी.

"तुझ्या डोक्यात घालून बघतो. पण तिथं भुशाशिवाय काय सापडणार?"

ट्रकवाले हात जोडत, शिव्या देत. काका ढिम्म.

मग त्यांच्या जावयानं लाकूड पुरवायचं काम घेतलं. पहिले दोन्ही ट्रक काकांनी परत लावले. तिसऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये त्यांची मुलगी बसून आली. खाली उतरली नाही.

"बाबा, हाही परत लावणार असाल तर मलाच उतरवून घ्या. उठता-बसता तुमच्या नावानं टोमणे ऐकतेय मी. त्या घरात आता पाय ठेववत नाही."

काकांनी फाळका पाडला नाही. बाहेरूनच ताडपत्रीवर थाप मारली आणि म्हणाले, "सोडा."

लोडरवाल्यानं तो माल ढिगाच्या पोटात लोटला. वर दुसरा माल येत गेला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ढिगाच्या कुशीतून वाफ निघताना काकांना दिसली. ते तडक साहेबांकडे गेले.

"ढीग फोडा. आत तापलाय."

"कशावरून?"

"ओला ट्रक सोडलाय मी."

"कोणाचा?"

"जावयाचा. पण चूक माझी. मी हात घातला नाही."

ढीग फोडला. वारा लागताच आतला निखारा भडकला. माल वाहून नेणारा पट्टा जळाला, लोडरवाल्याचा कान भाजला, भट्टी पाच दिवस थंड पडली. जावयाचं काम गेलं. मुलीचा फोन आला, तो शेवटचाच.

"एकदा हात आवरलात ना बाबा? मग एकदा तोंड आवरायला काय झालं होतं?"

काकांना कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांनी यंत्र फाटकावर आणवलं आणि काकांना एक खुर्ची दिली. यंत्राची वीतभर सळई मालात खुपसायची आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, एवढंच काम.

पहिला ट्रक आला. काकांनी सळई खुपसली, आकडा पाहिला. मग सवयीनं हात आत घातला.

"साहेब, खाली ओला आहे."

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र वीतभरच जातं."

"आणि तुमचा हात? तो नातं बघून जातो. आकडा वाचा काका."

मागच्या ट्रकमधलं कोणीतरी हसलं. काकांनी आकडा वाचला, मोठ्यानं, अगदी बरोबर. ट्रक आत गेला. मग ते खुर्ची तशीच सोडून फाटकाबाहेर चालू लागले. घाई नाही, मागे वळणं नाही. साहेब पुढच्या ट्रककडे वळले होते. कानाला पट्टी बांधलेला लोडरवाला तेवढा उंच सीटवरून पाहत राहिला, काका रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत. मागून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, तेव्हा त्यानं तो ओला माल ढिगात लोटला.