वाढत्या अंगाचं माप

आमच्या घरात कुणालाही काहीही मोजायचं असलं की ते काम माझ्याकडे येतं. खिडकीचा पडदा, ओट्याखालची जागा, नवा कूलर दारातून आत जाईल का नाही, सगळं मीच सांगायचं. दारव्ह्यात माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, टेप दिवसभर गळ्यात असतो, एवढीच माझी लायकी. गळ्यात स्टेथोस्कोप असता तर घरातल्यांनी सर्दीसुद्धा मलाच दाखवली असती. पण टेप आहे, म्हणून सासरेबुवांच्या फोटोची चौकटसुद्धा मीच मापलेली आहे, आणि ती लहान झाली हे अजून ऐकवलं जातं.

दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळच्या पलीकडे निघालेल्या नव्या पार्कात जायचं ठरलं, तेव्हाही तेच झालं. पार्क म्हणजे झाडं-बाकडीवाला बगीचा नव्हे. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, आणि मधोमध एक उंच लोखंडी खांब. खांबाच्या चारी बाजूंना खुर्च्या. माणसाला खुर्चीत करकचून बांधतात, सरसर वर नेतात, टोकाशी थोडा वेळ लटकवून ठेवतात आणि मग सोडून देतात. अशा गोष्टीसाठी माणसं रांग लावतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी आठ वर्षांची. आम्ही एकाच घरात वर-खाली राहतो आणि ती मला मोठे बाबा म्हणते. तिला पाळण्यांशी, पाण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला खांबावर जायचं होतं, आणि तेही पडायच्या मजेसाठी नव्हे. वरून दारव्हा दिसतं का, ते तिला पाहायचं होतं. झालं असं की वर्गातल्या जिवलग मैत्रिणीला तिने सांगून टाकलं होतं, दिसतं म्हणून. मैत्रीण म्हणाली, शक्यच नाही. त्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. मग बाकीच्या मुलींनी मध्ये पडून निवाडा केला की हिने सुट्टीत पाहून यावं, शाळा उघडल्यावर खरं काय ते सांगावं, आणि जी चुकली तिने दुसरीची माफी मागावी. सुट्टी लागल्यापासून पोरगी त्या एकाच गोष्टीवर जगत होती.

दारव्हा कुठे, यवतमाळ कुठे, त्याच्याही पलीकडे तो पार्क कुठे, हे मी तिला समजावून पाहिलं. तिने शांतपणे विचारलं, मोठे बाबा, तुम्ही वर गेलते काय? गेलो नव्हतो. विषय संपला.

त्यात माझ्या भावसुनेला, म्हणजे या पोरीच्या आईला, शेजारणीकडून कळलं की खांबाच्या फाटकाशी पट्टी लावलेली आहे. एकशे वीस सेंटीमीटरच्या खालचं लेकरू आत सोडत नाहीत. शेजारणीच्या भाच्याला असंच परत पाठवलं, तर तो पार्कभर लोळून रडला आणि घरी येईपर्यंत जेवला नाही. भावसून टेप घेऊनच माझ्यासमोर उभी राहिली.

“दादा, तुम्ही घरीच मापून पाहा. तिथं जाऊन तमाशा नको.”

आता मापाच्या बाबतीत आया काय असतात, हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. जून महिन्यात माझ्या दुकानात सगळी लेकरं लहान असतात. मोठ्या साइजला शिलाई जास्त पडते, म्हणून आई पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली दाबते आणि म्हणते, कुठं वाढला हो, मागच्या साली होता तेवढाच हाय. आणि त्याच दमात पुढे म्हणते, पण शिवा मात्र वाढत्या अंगाचं, दोन वर्षं जायला पाहिजे. म्हणजे पोरगं लहान, कपडा मोठा, आणि पैसे लहानाचे. मी वाद घालत नाही. दुकान टाकल्यापासून मी वाढत्या अंगाचंच शिवत आलो आहे. टेपखाली दोन बोटं घालायची आणि वरून माप वाचायचं. आमच्या गावातल्या अर्ध्या लेकरांची शाळेची पहिली दोन वर्षं माझ्या त्या दोन बोटांमध्ये ढगळ गेली आहेत.

आणि ही पोरगी तर एसटीत कितीतरी दिवस पाच वर्षांच्या आतच होती. कंडक्टर जवळ आला की तिची आई तिला मांडीवर ओढायची, आणि पोरगीही गुडघे पोटाशी घेऊन जमेल तेवढी बारकी व्हायची. तीच आई आता तिला भिंतीशी उभी करून मान वर कर, पाठ ताण, म्हणून मागे लागली होती. केसांचा अंबाडाही बरोबर टाळूवर बांधून आणला होता. मी म्हटलं, अंबाड्याला पट्टीवाले भुलत नाहीत. तो सोडला. टेपचं टोक तिच्या टाचेखाली दाबलं, टेप पाठीमागून वर घेतला, डोक्यावर हात ठेवला. अठ्ठेचाळीस इंच. मोबाइलवर हिशोब केला, एकशे एकवीसच्या वर भरलं.

पोरगी नाचली-बिचली नाही. तिने फक्त विचारलं, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. बातमी गल्लीत गेली आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना पार्कात जायचंही नव्हतं अशा चार बाया आपापली लेकरं मापायला घेऊन आल्या. आमच्या बायकोने सगळ्यांना चहा केला आणि संध्याकाळी मला विचारलं, दुकानातलं काम कोणी करायचं हाय.

जायच्या दिवशी गाडी ठरवली. मी, बायको, भाऊ, भावसून, ही पोरगी आणि आमचा तेरा वर्षांचा मुलगा. मुलगा पार्कात शिरल्याबरोबर पाण्याकडे जो पळाला तो थेट निघायच्या वेळी दिसला. बाकी आम्ही पोरीच्या मागे मागे खांबाकडे.

फाटकाशी टोपी घातलेली एक बाई उभी होती. तिच्या गणवेशाची कॉलर एका बाजूने चढलेली आणि खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली, हे आधी माझ्या लक्षात आलं. कुणी शिवला असेल, असा विचार मी करत होतो तोवर तिने पोरीला पट्टीखाली उभं केलं. वरची आडवी दांडी आणि पोरीचं डोकं यांच्या मधून बोटभर उजेड दिसत होता.

“कमी आहे,” बाई म्हणाली. “पुढचे या.”

मी म्हटलं, पट्टी चुकीची लावलेली दिसते. ती म्हणाली, सकाळपासून हीच पट्टी आहे, काका. मी म्हटलं, मी स्वतः मापलं आहे, माझा धंदाच मापाचा आहे. मागे रांग वाढत होती. आणि मी, काय बोलू, खिशातून टेप काढला. पार्कात टेप घेऊन जाणारा माणूस त्या दिवशी बहुतेक मी एकटाच असेन. सगळ्यांच्या देखत पोरीला सरळ उभं केलं, टोक टाचेखाली दाबलं, टेप वर घेतला आणि रांगेकडे वळून मोठ्याने वाचलं, अठ्ठेचाळीस.

बाई जरा चपापली. रांगेतला एक जण म्हणाला, बरोबर तर हाय. मला बरं वाटायला लागलं होतं.

“थांबा,” आमची बायको म्हणाली. “हात तसाच ठेवा. हलू नका.” ती जवळ आली, टाचा वर करून तिने पाहिलं. “अहो, हे काय हाय?”

पोरीच्या डोक्यावर माझी दोन बोटं आडवी होती. टेप बोटांच्या वरून गेला होता, आणि मी तो वरूनच वाचत होतो. मला खरंच माहीत नव्हतं. हाताने आपलं आपण केलं होतं, जसं तो दर जूनमध्ये करतो.

“गणवेश शिवून राह्यले का तिचा?” बायको म्हणाली. “घरच्या पोरीलेही वाढत्या अंगाचंच माप?”

रांग हसली. बोटं काढून वाचलं तेव्हा पट्टीवालीचंच खरं निघालं. पण माणूस एकदा खाली पडला की आणखी खाली जायला तयार होतो. मी त्या बाईला समजावू लागलो, वाढतं अंग आहे, संक्रांतीपर्यंत तेवढी होईलच, एवढ्याशा फरकाने काय होतं. ती म्हणाली, मग संक्रांतीला आणा. भाऊ म्हणाला, माझे बूट घालून पाहू का. भावसून त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. मग ती माझ्याकडे पाहत राहिली. मला दादा म्हणून मान देते, पण गाडीतून आणलेल्या चिवड्याचा डबा तिने माझ्यासमोरून उचलून दुसऱ्या पिशवीत टाकला.

पोरगी रडेल म्हणून आम्ही सगळे तयार होतो. ती रडली नाही. पट्टीजवळून बाजूला झाली, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली,

“मंग आता मी शाळेत काय सांगू?”

आई म्हणाली, सांग दिसते म्हणून, कोण येते पाहायला. बाप म्हणाला, सांग दिसत नाही, मिटवून टाक एकदाचं, माफी मागायला काय जाते. पोरगी म्हणाली, पाह्यल्याशिवाय कसं सांगू? तिकडं पाण्यात खेळून राह्यला त्या दादाले पाठवलं तर तो मुद्दाम उलटं सांगन. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मोठे बाबा, तुम्ही जा. चूक तुमची हाय.”

मला उंच जागेची भीती वाटते. घरचा पंखा पुसायला स्टुलावर चढलो तरी बायको खाली पाय धरून बसते. हे सगळ्यांना माहीत आहे. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, जा ना, उंची तर भरते तुमची.

गेलो. बांधला गेलो. शेजारच्या खुर्चीत कॉलेजातलं पोरगं होतं, त्याने मला विचारलं, काका, पहिल्यांदा का? पण तोवर पायाखालची जमीन निघून गेली होती. वर जाताना काय झालं ते मी सांगू शकत नाही. वर थांबलो तेव्हा वारा लागत होता एवढं आठवतं. खाली येताना कुणीतरी मोठ्याने माझ्या आईला हाक मारत होतं, आणि तो मीच होतो असं कॉलेजातलं पोरगं नंतर म्हणालं.

फाटकाबाहेर पोरगी उभी होती. पाणी नाही विचारलं, बरं वाटते का नाही विचारलं.

“दिसलं?”

दिसलं, असं तोंडातून निघणारच होतं. त्याने सगळ्यांचंच भलं होतं. पण गिऱ्हाईक ट्रायलचा शर्ट घालून आरशात पाहतं तशी ती माझ्याकडे पाहत होती, आणि सकाळपासून एकदा तोंडावर पडून झालं होतं. मी म्हटलं, “बेटा, डोळे मिटलेले होते.”

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

तिने थोडा विचार केला. “मंग परत जा.”

मी म्हटलं, जेवण करून जातो. बायको म्हणाली, जेवायच्या आधीच जा, ते बरं. फाटकाशी कॉलर चढलेली बाई म्हणाली, काका, आवडलेलं दिसतं. मी पुन्हा बांधला गेलो. या वेळी मात्र टोकाशी डोळे उघडले, दात एकमेकांवर ठेवून. खाली सोयाबीन निघालेली काळी शेतं होती, मध्ये तुरीचे हिरवे पट्टे, एका शेतात कापूस फुटून पांढरा झालेला आणि त्यात वेचणाऱ्या बायांची लाल-पिवळी ठिपक्याएवढी लुगडी. कुणाच्या तरी घरावर निळी टाकी. लांबवर धुरकट टेकड्या, त्यापुढे नुसतं आभाळ. दारव्हा कुठेही नव्हतं. मी अगदी मन लावून पाहिलं. इतकं मन लावून की सोडून दिलं तेव्हा तोंड बंद करायचं राहून गेलं.

बाहेर आलो आणि सांगितलं. टेकड्या दिसतात, शेतं दिसतात, दारव्हा दिसत नाही. या वेळी डोळे उघडे होते, शपथ.

“कोणत्या बाजूच्या खुर्चीवर बसलते?”

मी दाखवलं.

“आपण कोणत्या बाजूनं आलो?”

आम्ही आलो तो रस्ता खांबाच्या पाठीमागे होता. मी दोन्ही वेळा दारव्ह्याकडे पाठ करून बसलो होतो.

तिने पुढे काही म्हणायच्या आत मी खाली बसलो.  भावाने पाणी आणलं. बायकोचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. ती पोरीला म्हणाली, आता पुरे, मोठ्या बाबाचं तोंड पाह्य कसं झालं. पोरीने पाहिलं. मग तिने चिवड्याचा डबा दुसऱ्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी बसून खांबाकडे बघत राहिली, वर जाणाऱ्या खुर्च्या मोजल्यासारखी.  परत येताना गाडीत मला सारखं वाटत होतं, आता शाळा उघडली की हिला माफी मागावी लागणार, आणि तीही माझ्या दोन बोटांपायी.

शाळा उघडली त्या संध्याकाळी मी दुकानात न जाता दारातच थांबलो. ती आली, दप्तर टाकलं, आत गेली. मला विचारायचा धीर झाला नाही. शेवटी भावसून जिन्यावरून खाली आली आणि हसू दाबत सांगू लागली. दोघींची पुन्हा गट्टी जमली होती. माफी कुणीच मागितली नाही. निवाडा करायला जमलेल्या मुलींसमोर आमच्या पोरीने सांगितलं होतं, “अजून नक्की नाही. वर माणूस पाठवला होता, पण तो भलतीकडंच पाहून आला.”