मल्लाप्पाचं परदेशी दुखणं

छत्तीस सालच्या हिवाळ्यात शहापुरातल्या मल्लाप्पा विणकराचं तोंड नि पाय सुजले, तेव्हा गल्लीनं ते मनावर घेतलं नाही. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याचे पाय सुजायचेच. पण डॉक्टरांनी लघवी तपासून ‘नेफ्रायटिस’ असं नाव सांगितलं, मीठ कडकडीत बंद केलं आणि खाल्लंत तर जिवावर बेतेल, असं बजावलं. मल्लाप्पानं बाकी सगळं सोडलं नि नाव तेवढं धरलं.

अहो, काय त्या नावाचा रुबाब! उभ्या शहापुरात असलं दुखणं कुणाला झालं नव्हतं. साड्या विणून कंबर मोडली तरी ज्याला कुणी रामराम घालत नव्हतं, त्याच्या दारात आता चपलांचा ढीग. आणि आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत! कुणी सांडगे आणले, कुणी पापड. शेजारच्या मालुबाईनं तर बरणीभर लिंबाचं लोणचं. एवढ्या मानानं आणलेलं नको कसं म्हणायचं? मल्लाप्पा सगळ्यांचं थोडं थोडं खायचा. आठवड्यात डोळे उघडेनात, इतकं तोंड सुजलं.

त्याची बायको बायाक्का घाबरली. तडक दवाखाना गाठून तिनं त्या शब्दाचा अर्थच विचारला. डॉक्टर भला माणूस. शब्द ग्रीक लोकांचा, म्हणाला. ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड, आपला गुर्दा. मागचं ‘आयटिस’ म्हणजे मुळात नुसतं ‘त्याचं दुखणं’. पुढं डॉक्टर लोक ते दाहाला, सुजेला लावू लागले.

एवढंच? बायाक्का तिथून थेट पाणवठ्यावर गेली नि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आमच्या ह्यांचा गुर्दा सुजलाय. मिठानं आणखी सुजतोय.”

दुसऱ्या दिवशी दार ओस. सुजलेला गुर्दा बघायला कोण मरायला येतंय? मल्लाप्पानं बायकोशी अबोला धरला आणि भिंतीकडं तोंड करून अळणी भाकरी गिळली. सूज मात्र उतरत गेली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी चिमूटभर मिठाला परवानगी दिली. आमटीचा पहिला भुरका घेऊन मल्लाप्पानं बायकोकडं तोंड वळवलं.

“लई मोठं नाव हुतं गं,” तो म्हणाला. “तू उकललंस म्हणून वाचलो.”

बायाक्का पदरात तोंड घालून रडली. ती जरा सावरल्यावर त्यानं हळूच मालुबाईची बरणी कुठं ठेवलीय ते विचारलं.

“फोडली,” ती म्हणाली.