जंतू, जावई आणि जांभळी रिंग

पोल्ट्रीच्या धंद्यात दोन गोष्टींचे ढीग साठतात, खताचे आणि किश्श्यांचे! खत निदान ट्रॉली भरून जातं तरी. किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून, म्हणून म्हटलं, चहा येईपर्यंत तुम्हाला ऐकवावेत.

कोल्हापूरजवळच्या एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायच्या कारखान्यात, मी सुपरवायझर आहे. आमच्या डॉक्टर कांबळे मॅडमनी एक मशीन ट्रायलवर आणलं. पिल्लू बाहेर यायच्या आधीच अंड्याला बारीक भोक पाडून आत चांगल्या जंतूंचा डोस सोडायचा, म्हणजे पिल्लाची आतडी भक्कम होतात. मालक अण्णा ऐकूनच उडाले.

"जन्मभर जंतू माराय पैसा घातला, आता जंतू इकत घ्यायचं व्हय?"

मॅडम हटल्या नाहीत. शेवटी अण्णा म्हणाले, "एक बॅच करा. फरक दिसला तर मशीन ऱ्हाईल, न्हाय तर परत!" मॅडमनी दोन वर्षं या कामापायी घासली होती.

*

अंडी तपासणाऱ्या बायकांना मॅडम समजावत होत्या, "प्रोबायोटिक म्हणजे चांगले जंतू. प्रीबायोटिक म्हणजे त्या जंतूंचं खाणं. दोन्ही एकदम सोडायचं."

शालाक्का सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, "कळलं की! जावई आणि जावयाचं जेवाण. जेवाण न्हाय तर जावई टिकतोय कुठं?"

मॅडम आता मीटिंगमध्येसुद्धा हेच उदाहरण देतात.

*

मशीनच्या खोलीत टोपी, मास्क घातल्याशिवाय प्रवेश नाही. दसऱ्याला अण्णा नारळ, अंगारा घेऊन थेट आत! मॅडम ओरडल्या, "अण्णा, बाहेर! जंतू येतील!"

अण्णा दारातच थांबले. "जंतू सोडायच्या खोलीत जंतू चालत न्हाईत?"

याचं उत्तर द्यायला मॅडमना अर्धा तास लागला. नारळ बाहेरच फुटला.

*

शाहूवाडीच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "पावणं, पिल्लू अजून जल्माला न्हाय आणि तुमी त्येला डोस पाजताय? आमच्या नातवाला बालवाडीत घालाय बी एवढी घाई केली न्हाय!"

*

आमचा ड्रायव्हर खंडू जत्रेतनं पोट बिघडवून आला. फ्रिजमधली जंतूंची बाटली दिसली, घेतला की गड्यानं घोट! मॅडम घाबरून विचारतायत, "कसं वाटतंय?"

"पोट बरं हाय मॅडम. पर पहाटं लवकर जाग येतीया!"

*

आणि आता नेसरीचा किस्सा.

ट्रायलची पिल्लं तिथले शेतकरी तातोबा यांच्या शेडमध्ये वाढत होती. शेवटच्या तपासणीसाठी मॅडमनी काही पक्ष्यांच्या पायात रिंगा घातल्या होत्या, डोसवाल्यांना जांभळी आणि बिनडोसवाल्यांना पांढरी. दोन्हींची आतडी तपासायची आणि फरक अण्णांना दाखवायचा, असं ठरलं. आदल्या दिवशी मॅडमनी फोन केला, "तातोबा, उद्या मी आणि मालक येतोय. रिंगवाल्या कोंबड्या बाजूला काढून ठेवा. आणि हां, दोन्ही रंग मिसळू नका."

आता मला सांगा, पाहुणे येणार म्हणून कोंबड्या बाजूला काढायला सांगितल्या, तर आपल्याकडं माणूस काय समजणार?

आम्ही पोचलो तर चुलीवर दोन पातेली रटरटत होती!

तातोबा हात जोडून उभे. "ह्यात जांभळी, त्यात पांढरी. कायबी मिसळलं न्हाय, मॅडम!"

मॅडम मटकन खाली बसल्या. विचारलं, "आतडी कुठायत?"

तातोबांची बायको चपापली. "आता गं बया! डॉक्टर मानसं आतडी खात्यात व्हय? ती कुत्र्यांनी खाल्ली की!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. अण्णा मात्र हात धुऊन पाटावर बसले. दोन्ही पातेल्यांतला एकेक तुकडा ताटात घेतला. आधी हा, मग तो, डोळे मिटून सावकाश चावला.

मग अण्णांनी डोळे उघडले, ताट जांभळ्याच्या पातेल्याकडं केलं आणि म्हणाले,

"मॅडम, मशीन ऱ्हाईल. वहिनी, वाढा!"