मावशीचं छप्पर आणि नाबोथाचा मळा

इंदूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अध्यक्षानं माझ्या मावशीला फसवलं. गळकं छप्पर बदलून देतो, तोवर भाड्याच्या खोलीत राहा, असं सांगून त्यानं तिला चर्चच्या आवारातल्या क्वार्टरमधून बाहेर काढलं. आधी छप्पर उतरवलं, मग भिंती पाडल्या आणि जागा बिल्डरच्या हवाली केली. सामान हलवण्यापूर्वी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती.

मी जालन्याचा. जुन्या मशिनी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या, हा माझा धंदा. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं बाजारानं शिकवलं. इंदूरला पोलोग्राउंड आणि सांवेर रोडच्या कारखान्यांतून कितीतरी लेथ उचलल्या, आणि तिथल्या शेठ लोकांना माझा आवाज चांगला ओळखीचा आहे. या खेपेला मात्र मशीन घ्यायची नव्हती. मावशी तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. निवृत्त नर्सांनी जिवंत असेपर्यंत क्वार्टरमध्ये राहावं, असा मंडळीचा जुना शब्द होता. त्या शब्दाचं काय झालं, एवढंच विचारायला मी निघालो.

सकाळची बस धरली. बुऱ्हाणपूरच्या केळीच्या बागा मागं पडल्या, खंडव्यापुढं कापलेल्या सोयाबीनची रानं लागली. मोरटक्क्याच्या पुलावर बस हळू झाली आणि लोकांनी खिडक्यांतून नर्मदेला हात जोडले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आप नहीं जोड़ते?"

मी म्हटलं, मी ख्रिस्ती आहे.

"तो क्या हुआ, पानी तो पीते हो," तो म्हणाला, आणि माझ्या वाट्याचाही नमस्कार करून मोकळा झाला.

वाटभर माझ्या डोक्यात नाबोथ होता. रविवारच्या शाळेत आपण सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजानं मागितला, नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राणीनं गावातल्या वडीलधाऱ्यांना निरोप धाडला, नाबोथानं देवाची निंदा केली असं सांगणारे खोटे साक्षीदार उभे राहिले, आणि त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं. राजा मळा ताब्यात घ्यायला गेला तेव्हा एलीया संदेष्टा समोर उभा राहिला आणि त्यानं तोंडावर जाब विचारला. सिमरोलचा घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात एलीयाचं भाषण पाठ करत होतो.

इंदूरच्या बसस्टँडवर रिक्षावाल्यानं मावशी राहते त्या बड़ा गणपती भागाचं जे भाडं सांगितलं, त्याच्या निम्मं मी सांगितलं. तो म्हणाला, "भिया (भैया), आप घूमने नहीं, लड़ने आए हो." एवढं बरोबर ओळखलं म्हणून मी त्याला थोडं वाढवून दिलं.

मावशीची खोली भांड्यांच्या दुकानावर, उभ्या अरुंद जिन्याच्या टोकाला आहे. भिंतीला तळहात टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत ती खाली घ्यायला आली. मला पाहून हसली, आणि लगेच म्हणाली, "आलास, बरं झालं. पण भांडू नकोस हं. अध्यक्षजी मला दीदी म्हणतात. फालतूमध्ये तमाशा होईल."

"दीदी म्हणूनच घर पाडलं?"

"घर माझं कुठं होतं रे? मंडळीचं होतं."

"आणि दिलेला शब्द?"

"शब्द देणारे गेले. आता हे आहेत." तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला. "चर्चमध्ये मला बसायचं आहे, तुला नाही. तू तर परवा चालला जाशील."

मी कप उचलून चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गाड्यावर पोहे खाल्ले. इथले पोहे वाफेवर ठेवलेले, वर मूठभर शेव आणि जीरावन (तिखट-आंबट मसाल्याची पूड), सोबत जलेबी. मावशीनं जलेबीचा एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "चल, सीताफळं उतरवायची आहेत. उद्या हंगामाचा सण आहे ना."

हंगामाच्या सणाला आपण पहिलं फळ देवाला वाहतो, तसंच तिथंही आहे. ज्याच्याकडं जे असेल ते आणायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तिच्या क्वार्टरच्या मागं तिनं लावलेलं सीताफळ होतं. आम्ही गेलो तर आवाराला पत्रे ठोकलेले. चौकीदारानं तिला ओळखलं, एक पत्रा बाजूला केला. "अम्मा, जल्दी कर लो," एवढंच म्हणाला. आत विटांचा ढीग, आणि त्यापलीकडं एकटं झाड. फळांचे डोळे उघडले होते. मावशी पूर्वीच्या स्वयंपाकघराच्या जागेवर उभी राहून फांदी वाकवत होती. मी म्हटलं, "जागा त्यांची झाली, आता फळ तरी कशाला वाहायचं?"

"देवानं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली. टोपली भरली.

दुपारी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. तरुण, नम्र माणूस. त्यांच्या घरातही मराठीच बोलतात. मी थेट म्हटलं, "नाथान संदेष्टा दरबारातला माणूस होता, राजाच्या आसऱ्यानं राहणारा. तरी दाविद राजानं दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलंच ना, तो अपराधी माणूस तूच आहेस? तुम्ही अध्यक्षाला का सांगत नाही?"

"ऐसा है अंकलजी," ते हळूच म्हणाले, "माझी बदली त्यांच्या हातात आहे. मुलीची दहावी आहे या साल. मी दुआ करतोय."

"दुआ तर अध्यक्षानंही केली होती."

त्यांची मान खाली गेली. मग म्हणाले, "उद्या उपासनेतल्या संदेशात बोलतो. पक्का."

रविवारी ते एलीयावरच बोलले. कावळ्यांनी त्याला भाकरी आणून दिली, विधवेच्या घरचं पीठ सरलं नाही, डोंगरावर आग उतरली, पाऊस आला. फार छान बोलले. मी बाकाच्या कडेला बसून मळ्याची वाट पाहत होतो. गोष्ट पावसापर्यंत आली आणि त्यांनी आमेन म्हटलं. पहिल्या बाकावर अध्यक्षही आमेन म्हणाला.

मग मांडवात जेवण आणि लिलाव. भोपळे, कणसं, केक, पाय बांधलेली कोंबडी. मावशीची टोपली वर आली तशी अध्यक्षानं पहिली बोली लावली. माझं डोकं फिरलं. हे फळ याच्या घरी जाता कामा नये, म्हणून मी चढवलं. त्यानं चढवलं, मी अजून. पोरं शिट्ट्या मारू लागली. तो हसत थांबला आणि माइकवरून आवाज आला, "जालनावाले भिया के लिए तालियाँ." मी उठून बोलू लागलो, की या झाडाच्या मालकिणीचं घर कुणी पाडलं ते विचारा. पण टाळ्यांत कुणाला काही ऐकू गेलं नाही. लिलाव करणाऱ्याला वाटलं, रीतीप्रमाणं मी घेतलेली वस्तू पैसे भरून परत देतोय, पुन्हा बोली लागावी म्हणून. त्यानं टोपली पुन्हा उचलली. अध्यक्षानं ती घेतली. माझा राग दानपेटीत गेला.

तेव्हा मावशी उठली. टेबलापाशी गेली आणि टोपलीवर हात ठेवला.

"भिया, हे फळ देवाला दिलं होतं. तुमच्या डायनिंग टेबलसाठी नाही. माझं छप्पर कधी टाकताय?"

अध्यक्ष म्हणाला, "दीदी, बाद में बैठ के बात करते हैं ना."

"बसायला जागा कुठं ठेवलीत?"

तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा होत्या, तिनं ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका होत्या, मंडळीचा कारभार पाहणारे पंच होते. सगळे हातातल्या पत्रावळीकडं पाहत राहिले. पाळकसाहेब माइकची वायर गुंडाळू लागले. लिलाव करणाऱ्यानं एक भोपळा वर केला. मावशी टोपली घेऊन फाटकाकडं चालू लागली. मीच तिच्यामागं गेलो, बाकी कुणी नाही.

परतीच्या बसमध्ये पुन्हा नाबोथ डोक्यात आला. एक गोष्ट इतकी वर्षं मी चुकीची ऐकली होती. अहाबानं स्वतः एकही दगड उचलला नव्हता. दगड नाबोथाच्या शेजाऱ्यांनी मारले, त्याच्याबरोबर उपासनेला बसणाऱ्यांनी. संदेष्ट्यांची गोष्ट आपण वाचतो तेव्हा प्रत्येक जण स्वतःला एलीया समजतो. मीही समजलो, आणि बोली लावून बसलो. दगड हातात असलेल्या गावकऱ्यांत आपला चेहरा कुणी शोधत नाही.

आणखी एक. एलीया मळ्यात पोचला तेव्हा नाबोथ मेलेला होता. राजाला शिक्षा ऐकवली गेली, पण नाबोथाला त्याचा काय उपयोग झाला? माझी मावशी अजून आहे. आता ती चर्चला जात नाही. रविवारी सकाळी खिडकीत बसून एकटीच गीत म्हणते, असं खालचा दुकानदार फोनवर सांगतो.

पाळकसाहेब, तुमच्या संदेशात मळा यायचा राहिला आहे. अध्यक्ष पहिल्या बाकावर असतानाच तो येऊ द्या. आणि पंचांनो, तुम्ही तिला दीदी म्हणता, तिच्या हातचं औषध तुम्ही प्यायला आहात. तिनं भर मांडवात प्रश्न विचारला आहे. तिला ऐकू येतंय तोवर, तिच्या खोलीचा तो जिना चढून वर जा आणि उत्तर द्या.