मालनवाले

लाकडाची कुठलीही वस्तू समोर आली की आधी तिच्यावर बोटाचं पेर आपटायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि मगच माणसांकडं वळायचं, अशी त्यांची रीत होती. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्काराच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावर टकटक केलं. ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“वकीलसाहेब, टेबल मुकं हाय तुमचं.”

“म्हणजे?”

“वरनं सागवान दिसतंय निस्तं. आत भुस्सा हाय. कुणी गळ्यात मारलं?”

टेबल नवंकोरं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कौतुकानं दाखवत होतो. ती हौस त्या दिवशी फिटली. मग त्यांनी खुर्ची वाजवून बघितली. ती बरी निघाली असावी, कारण तिच्यावर बसले.

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. पहिल्या भेटीत डोकं फिरवतात आणि मग वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत.

कोल्हापुरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. सगळे ‘मालनवाले’ म्हणायचे, मीही तेच म्हणत आलो. उद्यमनगरात, फौंड्र्यांच्या मागच्या एका बोळात त्यांचं गिटारीचं दुकान होतं. नव्वद सालानंतरचा तो काळ. कॉलेजचं गॅदरिंग असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, जिकडं बघावं तिकडं पोरांच्या गळ्यात गिटार. मुंबईची गिटार ज्यांच्या खिशाला झेपायची नाही ते सगळे इथं यायचे. गिटारीच्या डोक्यावर, तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या जागी, इंग्रजी अक्षरांत ‘मालन’ असं कोरलेलं असायचं. बाहेरगावच्या पोरांना ती कुठलीतरी इटलीची कंपनी वाटायची.

“म्हनू द्यात की इटलीची,” मालनवाले म्हणायचे. “आपलं काय जातंय?”

मालन म्हणजे त्यांची बायको. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती गिटारींना हातानं पॉलिश करायची. बाहेर इटलीचा विषय निघाला की आतून आवाज यायचा, “इटलीवाल्यांना सांगा, पॉलिश संपलंय म्हणावं. आत्ता आणलं तर आणलं, न्हायतर बसा वाजवत.” इटलीवाले निमूट चपला घालायचे.

गिटारी करायच्या आधी ते फौंड्र्यांसाठी पॅटर्न करायचे. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि पडलेल्या खळग्यात लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. कारखान्याचं नावसुद्धा त्या लाकडातच कोरावं लागतं, तेव्हा ते लोखंडावर उमटतं. अर्धं आयुष्य मालनवाल्यांनी अशी दुसऱ्यांची नावं कोरली.

“पंप गेलं, इंजनं गेली, कुठल्या कुठं गेली,” ते एकदा मला म्हणाले. “समद्यांवर शेटजीचं नाव, माझ्या हातनं कोरल्यालं. मग वाटलं, आपल्या घरातलं एखादं नाव कोरून बघावं. कसं दिसतंय तरी.”

“मग स्वतःचं का नाही कोरलं?”

पन्नाशी ओलांडलेला, बोटांवर पटाशीचे वण असलेला तो माणूस चक्क लाजला. “माझं हाय की रेशनकार्डावर,” म्हणाला.

ते माझ्याकडं आले ते या नावापायीच. पॅटर्नच्या कामावर त्यांच्या हाताखाली एक जण होता. पुढं गिटारीचा धंदा दोघांनी मिळून सुरू केला. मालनवाले त्याला शेवटपर्यंत ‘भागीदार’च म्हणत, भागी मोडली तरी आणि कोर्टात दोघं समोरासमोर उभे राहिले तरी. भागीदाराचा हात चपळ, पण लाकूड वाळू द्यायला तो थांबायचा नाही. मालनवाले फळ्या माळ्यावर टाकायचे आणि विसरून जायचे. गिऱ्हाईक कितीही नडलं तरी ओली फळी खाली यायची नाही. यावरूनच दोघांचं वाजलं, आणि भागीदारानं कबनूरला, यंत्रमागांच्या एका शेडशेजारी, आपलं वेगळं दुकान टाकलं. तिथून ज्या गिटारी निघायला लागल्या त्यांच्या डोक्यावरही ‘मालन’च. अक्षरांचं वळणसुद्धा तेच. अशी काही वर्षं गेली, मग मालनवाले माझ्याकडं आले.

भागीदाराचं म्हणणं सरळ होतं. पहिली गिटार दोघांनी केली, नाव दोघांनी मिळून लावलं, मग ते एकट्याचं कसं? यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मी दुसऱ्या बाजूचा वकील असून हे सांगतोय.

मालनवाल्यांचं म्हणणंही सरळ होतं. “मला त्याच्याकडनं पैसा नगं, माफी नगं. हे नाव माझ्या गिटारीशिवाय कुठं दिसाय नगं. एवढं एक करा, साहेब.”

मी दावा दाखल केला. व्यापारचिन्हाचे, म्हणजे ट्रेडमार्कचे, दावे तेव्हा आमच्याकडं क्वचित यायचे. आम्ही बांध कोरल्याची भांडणं लढवणारी माणसं. बांध निदान पायाखाली लागतो. नावाची हद्द कुठून कुठवर, हे शोधायला मी नवी पुस्तकं आणून बसलो. आणि मालनवाल्यांना एकच ताकीद दिली. भागीदाराच्या गिटारी टिकत नाहीत, हे मला कळलं होतं. गिटारीची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, ओल्या लाकडाची असली की वर्षभरात वाकते, तार तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर घासून झणझणते. आणि गिऱ्हाईक नाव वाचून कुठं येणार? उद्यमनगरात.

“त्याच्या गिटारीला हात लावायचा नाही. सांगायचं, ही आमची नव्हे. ऐकताय ना?”

“व्हय की.”

“अजिबात हात लावायचा नाही.”

“खुळा हाय काय मी, साहेब?”

मी निर्धास्त झालो.

उलटतपासणीच्या दिवशी मालनही कोर्टात आली होती. ठेवणीतली साडी नेसून मागच्या बाकावर बसली होती. समोरच्या वकिलांनी एक गिटार पुढं केली. डोक्यावर नाव होतंच.

“ही ओळखता?”

मालनवाल्यांनी कुणाची परवानगी न विचारता तिच्या पोटावर टकटक केलं. “व्हय. भागीदाराची हाय.”

“हिची मान वाकली होती. कुणी सरळ केली?”

“मी.”

मी पुढ्यातली फाईल मिटली.

“अशा किती केल्यात?”

“मोजल्या न्हाईत. आल्या त्या केल्या.”

“कधीपासून?”

“त्यानं कबनूरला दुकान टाकल्यापास्नं.”

“ही आमची नाही, असं गिऱ्हाइकाला कधी सांगितलंत?”

“न्हाय.”

“दुरुस्तीचे पैसे घेतलेत?”

“न्हाय. नाव घातलं म्हंजे ग्यारंटी आली की.”

“म्हणजे या नावानं दुसरा माणूस गिटारी विकतोय हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही अडवलं नाहीत. उलट त्या फुकट नीट करून दिल्यात. का?”

मालनवाले गडबडले. शिकलेल्या माणसानं इतकं सोपं का विचारावं, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी मागच्या बाकाकडं बघितलं.

“मालनचं नाव हाय वर,” ते म्हणाले. “बेसूर कशी सोडू?”

जजसाहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. समोरच्या वकिलांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर असा भडकलो की पट्टेवाला वळून बघायला लागला.

“‘खुळा हाय काय मी’ म्हणालात ना? मग हे काय होतं?”

“गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हातंय, साहेब. नाव दाखवतंय. त्याला काय सांगू? ही मालन माझी न्हवं म्हनू?”

“म्हना की,” मालन मागून म्हणाली. “म्हना, आनी मग घरात येऊन दाखवा.”

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला. दावा हातातून गेला होता. एखादा आपलं नाव वापरतोय आणि आपण उघड्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं चालू दिलं, तर नंतर तक्रारीला जागा उरत नाही. कायद्यात याला मूक संमती म्हणतात. इथं तर माणसानं त्या नावाची राखण केली होती, स्वतःच्या हातानं, दुसऱ्याच्या मालावर. पण राखणीसाठी वेगळं कलम नाही. दावा फेटाळला गेला. नाव दोघांनीही वापरायला हरकत नाही असं ठरलं.

मी म्हणालो, “मुंबईला जाऊ. हायकोर्टात अपील करू.”

“नगं,” ते म्हणाले. “जजसाहेब खोटं कुठं बोलले? मी केल्याच की दुरुस्त.”

त्या दिवशी ते पहिल्यांदाच कशावरही टकटक न करता माझ्या ऑफिसातून गेले. मला फार वाईट वाटलं. हरलेले अशील मी पुष्कळ बघितलेत. कुणी जजला शिव्या घालतं, कुणी मला. हा माणूस मान खाली घालून, मला चहा पाजून गेला.

पुढं कधी उद्यमनगरात काम निघालं की मी त्यांच्या बोळात डोकावायचो. भागीदाराचा धंदा फोफावला होता. सांगली, बेळगाव, पार त्याच्याही पलीकडं त्याच्या गिटारी जात होत्या आणि मान वाकली की फिरून इकडं येत होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. स्वतःची नवी गिटार करायला मालनवाल्यांना सवड मिळेनाशी झाली. माळ्यावर फळ्या वाळून खडखडीत झाल्या होत्या आणि खाली ते दुसऱ्याच्या ओल्या माना वाफ देऊन सरळ करत बसलेले.

“यातल्या तुमच्या कुठल्या?” मी एकदा खवचटपणे विचारलं.

त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली. “आता समद्या माझ्याच की. नीट वाजत्यात न्हवं?”

“अहो, त्यानं तुमचं नाव घेतलं, आता तुमचे दिवसही घेतले. चीड येत नाही तुम्हाला?”

“येती की. लई येती.” हातातली तार त्यांनी पिळली, छेडली, पुन्हा पिळली. “पर चिडून सूर लागत न्हाय, साहेब. तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागतंय.”

एका सकाळी ते झोपेतच गेले. निरोप मिळाला तेव्हा मी कोर्टात निघालो होतो, तसाच पंचगंगेवरच्या स्मशानघाटावर गेलो. भागीदार तिथं होता. खांदा द्यायला पुढं झाला, कुणी त्याला अडवलं नाही. मी मात्र त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. माझ्या मनातला राग गेला नव्हता, आणि तो काढून टाकावा असंही मला वाटत नव्हतं.

काही महिन्यांनी भागीदार माझ्या ऑफिसच्या दारात. बस म्हटलं तरी बसेना.

“मालनअक्काला एक निरोप द्या, साहेब. त्यांच्यापुढं जायचं मला धाडस हुईना.”

“काय निरोप?”

“नाव काढलं म्हणावं. मालनचं. आता गिटारीचं डोकं कोरं ठेवतो.”

“का रे बाबा? कोर्टानं तर तुला मोकळीक दिलीय.”

“दिलीया की.” तो हाताची बोटं मोडत उभा राहिला. “मालनवाले गेले, आनी गिटारी माझ्याकडं परत याय लागल्या, साहेब. कोर्टात दाखवली तशी चार-दोनच असतील असं वाटलं हुतं मला. आता रोज एक तरी दारात हाय. एवढ्या त्यांनी कवा केल्या, कशा केल्या, माझं मलाच कळंना. मला न्हाय जमत ते. आता नाव घालायचं म्हंजे भ्या वाटतंय. मागनं बघनारा कोन न्हाय.”

मी त्याला बसवलं. चहा मागवला. इतक्या वर्षांचा माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी कळंब्याला मालनच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच गेलो. जे मला कायद्यानं मिळवून देता आलं नव्हतं ते आपसूक झालं होतं. तिनं पाणी आणून दिलं, समोर बसली. मी भागीदाराचा निरोप सांगितला आणि वर म्हणालो, “त्यांना हवं होतं तसंच झालं बघा. आता तुमचं नाव दुसऱ्या कुणाच्या गिटारीवर नाही.”

तिनं बोटांवर मोजल्यासारखं एकेक विचारलं.

“त्यो आता घालनार न्हाय?”

“नाही.”

“आनी ह्ये तर गेले.”

“होय.”

“म्हंजे आता कुठंच न्हाय व्हय मी?”

मी पाण्याचं तांब्याभांडं उचललं.

“आहात की,” मी कसंबसं म्हणालो. “आमच्या घरी आहे एक. थोरल्या मुलीची.”

“ह्यांच्या हातची?”

“हो, त्यांच्याच हातची.”

“वाजवती?”

“लग्न होऊन गेली ती पुण्याला. गिटार कपाटावर असते.”

“कपाटावर?” मालन अशी कडाडली की मी हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. “कपाटावर कशाला? आजच्या आज खाली काढा. कोन तरी वाजवा की तिला!”