उंदीरमावशी आणि तिळातलं सेसमिन

प्रयोगशाळेत सगळे तिला उंदीरमावशी म्हणायचे. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, उंदरांना खाणं-पाणी द्यायचं, त्यांची वजनं घ्यायची, हे तिचं काम. त्या वर्षी तिथल्या संशोधक मॅडम तिळातल्या सेसमिन नावाच्या द्रव्यावर प्रयोग करत होत्या. तेलकट खाऊन गुबगुबीत झालेल्या उंदरांपैकी ज्यांना सेसमिन मिळालं, त्यांच्या यकृतातली चरबी बरीच कमी निघाली. हे ऐकून मावशीने कान टवकारले.

कारण तिच्या नवऱ्याच्या यकृतातही चरबी साठली होती. तो मालाची गाडी चालवायचा. दिवसभर बूड हलायचं नाही आणि हाताशी कायम गोड थंड पेयाची बाटली. डॉक्टरांचं बोलणं त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. मावशीने त्याच संध्याकाळी तीळ भाजले आणि वाटीभर त्याच्यापुढे ठेवले.

"आता पिंजराही आण," तो म्हणाला. पण खात राहिला. वजन उतरायचं सोडून वाढलंच.

मावशी बिचकतच मॅडमकडे गेली. मॅडमनी हातातलं काम ठेवून तिला खुर्ची दिली. "मावशी, उंदरांना आपण शुद्ध सेसमिन देतो. तेवढं तिळातून मिळवायचं तर वाट्यांवर वाट्या खाव्या लागतील. आणि माणसाला त्याचा किती उपयोग होतो, हे अजून नक्की कळलेलं नाही. चमचाभर तीळ खाऊ देत की, चांगलेच असतात. पण त्यांना चालायला लावा."

"ते कुठे ऐकतात माझं!"

"मग तुम्हीही सोबत चाला."

दुसऱ्या दिवसापासून मावशी बस सोडून चालतच कामाला जाऊ लागली. "रस्त्यात कुत्री असतात, सोडायला या," असं म्हणून तिने नवऱ्याला बाहेर काढलं. पहिल्यांदा तो वाटेतल्या पुलावर धापा टाकत बसला आणि तिच्या सगळ्या उंदरांचा उद्धार केला. हळूहळू मात्र बूट घालून तोच दारात उभा राहू लागला. बाटलीत आता साधं पाणी असायचं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. चरबी कमी झाली होती.

"तिळाची कमाल!" तो ज्याला त्याला सांगत सुटला.

"आणि माझी तंगडतोड?" मावशी फणकारली.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "एका माणसावरून कसं सांगणार? पण जे चाललंय ते सोडू नका."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानेच तिला हलवलं. "अगं, ऊठ. आज तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

तिने चादर डोक्यावर ओढली, जरा वेळ लोळली आणि मग हसत चपला शोधायला उठली.